दिसली म्हणा

आमच्याकडे प्रत्येक लग्नात एक खोटं सगळ्यांसमोर, होमाच्या साक्षीनं, मोठ्यानं बोललं जातं, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. सप्तपदी झाली की नवऱ्यामुलानं नवरीला मंडपाच्या दाराशी न्यायचं, बोट वर करायचं आणि अरुंधतीचा तारा दाखवायचा. वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, विचारतात, दिसली का? दोघांनी म्हणायचं, दिसली. सकाळी साडेदहा वाजता. वर पत्र्याची शेड, पंखे, त्यावर वैकासीतलं, म्हणजे मे-जूनचं, ऊन. तंजावरात आमच्या मराठी घरांची तीनशे वर्षं गेली, पण यात बदल नाही. तमिळ शेजाऱ्यांकडेही हेच. सगळे एकाच पंख्याकडे बघून दिसली म्हणतात.

मला याचा राग येतो, कारण मला अरुंधती माहीत आहे. मी भामा. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत कारकून, वय चोपन्न, लग्न केलं नाही. वीस वर्षांपूर्वी राजवाड्यामागच्या गल्लीतलं भावाचं घर सोडून मी कचेरीपासून सात किलोमीटरवर, भातशेतांच्या मध्ये दोन खोल्या बांधल्या. सोडलं का, तर तंजावरात रात्र उरली नव्हती. पुस्तकं वाचून आरसा घासायला शिकले, सहा इंचांचा आरसा पाच महिने हातानं घासला आणि दुर्बीण केली. गावातले लोक तिला बोअरवेलचा पाईप म्हणतात. माझा भाऊ सीतारामराव, माझा दादा, तिला ‘तुझं ते’ म्हणतो. वीस वर्षांत तो एकदाही तिच्यातून बघायला आला नाही. त्याची मुलगी हरिता मात्र सुटीत माझ्याकडे यायची. नऊ वर्षांची असताना तिनं सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा बघून विचारलं होतं, आत्या, हे दोन आहेत ना? वसिष्ठ आणि अरुंधती. मी न सांगता तिनं ओळखले. त्या दिवशी मी तिला दोनदा पायसम करून घातलं.

त्याच हरिताचं लग्न ठरलं. मुलगा प्रवीणकुमार, कुंभकोणमला शाळेत गणित शिकवतो. आमच्यातलाच, शांत, गोरा, बोलायला जरा जपून. वडील नाहीत. आई वासुकीबाई, त्यांनी शिवणकाम करून एकटीनं मुलगा वाढवला, आणि तसं वाढवणाऱ्या बायकांचा जो ताठा असतो तो त्यांच्यात पुरेपूर.

लग्नाच्या महिनाभर आधी चिदंबर वाध्यार विधींची यादी घेऊन आले आणि हरितानं सांगून टाकलं की बाकी सगळं करीन, अम्मीच्या पाट्यावर पाय ठेवीन, लाजाहोम करीन, पण अरुंधती नको. मी पण दिसली म्हणणार नाही आणि प्रवीणपण म्हणणार नाही.

घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच तिला पढवलं. वाध्यार म्हणाले, दिसली म्हणायला काय जातं. वासुकीबाई मात्र उठून उभ्याच राहिल्या. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचं आयुष्य सहा महिन्यांचं उरलं, असं जुनी माणसं म्हणतात. मंडपात चारशे लोकांपुढे माझ्या मुलानं दिसली नाही म्हणायचं? त्यांनी स्वच्छ सांगितलं की दोघं दिसली म्हणणार असतील तर लग्न, नाहीतर हा मुहूर्त राहू द्या, पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे म्हणजे काय ते आमच्यात लहान पोरालाही कळतं.

दादाचा चेहरा पडला. मंडप ठरलेला, पत्रिका वाटलेल्या. मग त्याला एक तोड सुचली आणि त्यानं मला फोन केला. लग्नाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी दोघांना तुझ्याकडे आणतो, तुझ्या त्याच्यातून खरी अरुंधती दाखव. एकदा खरी बघितली की मंडपात दिसली म्हटलेलं खोटं होत नाही. हरिताचाही मान राहतो, विहीणबाईंचाही.

वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरच्यांना आकाशाची गरज पडली होती. मी लगेच हो म्हटलं. हरिताचा वेगळा फोन आला. म्हणाली, आत्या, तू नाही म्हण ना, उगाच कशाला सगळ्यांना तिकडे आणायचं. मला ते विचित्र वाटायला हवं होतं. जी मुलगी दुर्बिणीसाठी माझ्या पदराला लटकायची ती नको म्हणते, म्हणजे काहीतरी आहे. पण मी इतकी फुगले होते की तिला गप्प केलं. म्हटलं, लग्न मोडण्यापेक्षा एक तारा बघ.

तृतीयेच्या दिवशी साडेपाचलाच व्हॅन आली. दोघं आणि दादा आणि वासुकीबाई, एवढेच यायचे होते. उतरले अकरा जण. मुरुक्क्याचा, म्हणजे चकल्यांचा, डबा, कॉफीचा थर्मास, डासांची अगरबत्ती, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. व्हॅनच्या ड्रायव्हरनं दुर्बीण बघून विचारलं, तोफ का.

माझ्या घरापुढे सिमेंटचं खळं आहे, सुगीत शेजारचे लोक त्यावर भात वाळवतात. दुर्बीण तिथं मांडली होती. सगळ्यांना बसवून मी नियम सांगितला, एकच नियम. अंधार पडल्यावर डोळ्यांना वीस मिनिटं द्यायची. त्या वीस मिनिटांत एक जरी दिवा लागला तर परत पहिल्यापासून. फोन बंद. चालायला उजेड लागलाच तर लाल कागद लावलेल्या माझ्या दोन बॅटऱ्या आहेत. एवढं सोपं आहे. दुसरीतलं पोर पाळेल.

पहिलं चुलतभावाच्या बायकोनं मोडलं. तिला डास चावला आणि तो कुठला ते बघायचं होतं. मग ड्रायव्हरनं व्हॅनचं दार उघडलं आणि आतला दिवा भक्कन् लागला. मग दादानं कॉफी ओतायला टॉर्च लावली. मी दर वेळी घड्याळ परत शून्यावर आणत होते. कोर नारळांमागे गेली, उत्तरेला तंजावरचा पिवळा उजेड जमिनीलगत साचला, पण वर, त्याच्या खूप वर, सप्तर्षी टांगल्यासारखे स्वच्छ आले. असं आकाश वैकासीत क्वचित मिळतं. एरवी दमट, पांढुरकं. त्या दिवशी दुपारी पाऊस पडून हवा धुतली गेली होती. आणि ही माणसं त्याच्याखाली बसून मुरुक्का मऊ पडला की नाही याची चर्चा करत होती.

पण सगळ्यात जास्त छळ केला तो नवऱ्यामुलानं. तो उजेड असतानाच येऊन खळ्याच्या मधोमध खुर्चीवर बसला होता आणि तिथून हलला नव्हता. अंधार पडला तसा त्यानं फोनचा दिवा लावला आणि पायाशी धरला. मी बंद करायला सांगितलं. त्यानं केला. पाच मिनिटांनी परत लावला. परत सांगितलं. परत केला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी म्हटलं, तुमच्या वर्गात मुलं असं करतात तर तुम्ही काय करता? तो हसला आणि म्हणाला, बाहेर उभं करतो आत्या. हरितानं त्याचा हात धरला होता. चुलतभावाची बायको माझ्या कानात म्हणाली, अजून दोन दिवस दम नाही धरवत वाटतं. मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि माझ्या पिशवीत टाकला.

शेवटी वीस मिनिटं झाली. मी सगळ्यांना शेपटीतला मधला तारा दाखवला. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीतून, म्हणजे खोटं बोलायला जागा नको. एकेक उभा राहून बघू लागला. वासुकीबाईंनी बराच वेळ बघितलं, नमस्कार केला आणि बाजूला झाल्या. दादानं बघितलं. वीस वर्षांनी. म्हणाला, एवढीशी? मला त्याही वेळी बरं वाटलं, काय करणार.

मग मी प्रवीणला विचारलं, तिथून दिसते का अरुंधती?

तो खुर्चीवरूनच वर बघून म्हणाला, “हो आत्या, दिसली. छान दिसली.”

मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते. त्याच्या जागेवरून वसिष्ठ आणि अरुंधती दोन्ही नारळाच्या शेंड्याआड होते. तिथून बघितलं तर झावळीशिवाय काही दिसत नव्हतं. त्यानं झावळीकडे बघून दिसली म्हटलं होतं. छान दिसली.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, घ्या, हा पण त्यातलाच. मंडपातल्या पंख्याकडे बघून दिसली म्हणणारा. खरं आकाश समोर ठेवलं तरी दोन पावलं उठून बघायचा कंटाळा. माझ्या हरिताला हा मिळाला. मी म्हटलं, उठा. इथून दिसत नाही. त्या बांधावर चला, बारा पावलं, तिथून मोकळं आहे.

हरिता म्हणाली, “आत्या, राहू दे.”

मी म्हटलं, राहू दे कशाला, आणि हात सोड त्याचा, तो काय तान्हा आहे.

हे वाक्य मी उच्चारलं. ते परत घेता येत नाही. हरितानं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. अंधारात तोंडं दिसत नव्हती. त्यानं स्वतःच तिचा हात सोडवला, उठला आणि चालू लागला. सरळ, ताठ, जरा जास्तच ताठ. खळ्याची कड संपली हे त्याला कळलं नाही. बांध डावीकडे वळतो हेही कळलं नाही. शेजाऱ्याच्या पंपसेटचं पाणी ज्या पाटातून जातं त्यात तो आख्खा गेला.

खरं सांगते, धप्प आवाज आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार दुर्बिणीचा आला. आधी तिला हात लावून बघितलं. मग धावले.

सगळे फोन पेटले. दहा दिवे. चिखलातून त्याला वर काढला तेव्हा हनुवटी फुटली होती, मनगट सुजत होतं, आणि तो पाटाच्या कडेला बसून त्या सगळ्या दिव्यांकडे बघत होता. त्याला पहिल्यांदा काहीतरी दिसत होतं. मग तो म्हणाला, आता बरं आहे. त्या वेळी मला कळलं. पाच महिने आरसा घासणाऱ्या बाईला, मनगटाएवढ्या भिंगातून अर्धं आकाश ओळखणाऱ्या बाईला, समोर बसलेला माणूस आंधळ्यासारखा चाचपडतोय हे त्यानं तीनदा दिवा लावूनही कळलं नव्हतं.

त्याला घरात आणून हळद भरली. दादाला अजून काही समजलं नव्हतं, तो विचारत होता की एवढा रुंद बांध, पडला कसा. प्रवीणनं आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली. मग त्यानंच सांगितलं. जन्मापासून अंधारात दिसत नाही. दिवसा सगळं ठीक, चष्माही नाही. दिवस मावळला की काही नाही. डॉक्टर म्हणतात वाढणार नाही, पण कमीही होणार नाही. तारा त्यानं आजवर एकही बघितलेला नाही. शाळेत सहलीला गेले तेव्हा सगळ्यांनी वर बघून दिसले म्हटलं, त्यानंही म्हटलं. तेव्हापासून म्हणतोच आहे.

दादा पेटला. त्याचं म्हणणं एकच, आम्हाला सांगितलं नाही. लपवून मुलगी मागितली. दोन दिवसांवर लग्न आणि आता कळतंय. तो थांबेना, तेव्हा हरिता म्हणाली,

“मला माहीत आहे, अप्पा. दुसऱ्या भेटीतच सांगितलं त्यानं. त्याच्या आईनं सांगू नको म्हटलं होतं तरी सांगितलं.”

म्हणजे त्या पंख्याखालच्या खोट्याशी हिचं भांडण माझ्या ताऱ्यासाठी नव्हतंच. महिनाभर मी कचेरीत सांगत फिरत होते की माझी भाची तत्त्वाची आहे, माझ्यावर गेली. ती त्याला चारशे लोकांपुढे आणखी एकदा दिसली म्हणायला लागू नये म्हणून अडून बसली होती. आणि कारण कोणाला सांगता येत नव्हतं, म्हणून खापर माझ्यावर फुटू दिलं. फुटलं तर फुटलं. पण मी तिचं ऐकून नाही म्हटलं असतं तर त्याची हनुवटी फुटली नसती.

आता प्रश्न उघडा होता. वासुकीबाई दाराशी बसून होत्या. त्या म्हणाल्या, झालं ते झालं, तुम्हाला चालत असेल तर लग्न होऊ द्या, पण मंडपात त्यानं दिसली म्हणायचं. एक शब्द. नाहीतर लोक सहा महिने मोजत बसतील, आणि मीही मोजत बसेन.

मी बोलायला नको होतं. पण माझी चीड अजून उतरली नव्हती, त्यातली निम्मी माझ्यावरचीच होती, आणि अशा वेळी मी समोरच्यावर काढते. म्हटलं, “तुमच्या यजमानांनीही मंडपात दिसली म्हटलंच असेल ना? मग ते कुठं आहेत?”

दादानं भामा म्हणून माझा दंड धरला.

वासुकीबाई रडल्या नाहीत. सांगू लागल्या, जसं कापड मोजतात तसं. प्रवीणच्या वडिलांनाही हेच होतं. त्यांनाही दिसत नसे. त्यांनी मंडपात दिसली म्हटलं, ऑफिसात दिसतं म्हटलं, मित्रांना दिसतं म्हटलं. एकदा संध्याकाळी उशीर झाला. कोणीतरी म्हणालं सोडतो, तर हे म्हणाले कशाला, जातो की माझा मी. मोपेड घेतली. कालव्याच्या वळणावर वळण त्यांना दिसलं नाही. प्रवीण तेव्हा चार वर्षांचा. लोक म्हणाले, बिचारा, चाक घसरलं असेल. मीही तेच म्हणत आले.

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, पाट खोल होता का हो.

मी म्हटलं, गुडघाभर.

त्यांनी मान हलवली. बाहेर सगळ्यांनी दिवे लावूनच सामान गोळा केलं. आकाशाचं कोणी नाव काढलं नाही. व्हॅन गेल्यावर मी दुर्बीण झाकली आणि त्या स्वच्छ आकाशाखाली बसले, पण बघवलं नाही. वर्षात असे आठ दिवस मिळतात. एक गेला.

लग्न झालं. दादा दोन दिवस धुमसला, पण पत्रिका वाटलेल्या माणसाचं धुमसणं फार टिकत नाही. मंडपात प्रवीणच्या हनुवटीवर पट्टी होती. विचारणाऱ्याला तो स्वतः सांगत होता, अंधारात पडलो, मला दिसत नाही. निम्म्यांना ती थट्टा वाटली.

सप्तपदी झाली. साडेदहा. चिदंबर वाध्यार दोघांना दाराशी घेऊन आले. व्हिडिओवाला मागे धावला आणि त्यानं दिवा त्यांच्या तोंडावर धरला. वाध्यारांनी वर पत्र्याकडे हात केला, मंत्र म्हटला आणि विचारलं, दिसली का?

प्रवीण थांबला. हरितानं ओठ घट्ट मिटले होते. चारशे लोक काही ऐकत नव्हते, ते पानाच्या पंगतीकडे बघत होते, पण पुढच्या दोन रांगा ऐकत होत्या आणि आमच्यात तेवढ्या पुरतात. मी उठायला लागले. मला काय बोलायचं होतं कोण जाणे.

वासुकीबाई माझ्या पुढे उभ्या होत्या. पदर खोचून, नव्या जरीच्या साडीत. त्या म्हणाल्या, “त्याला दिसत नाही, वाध्यार. रात्रीही दिसत नाही. त्याच्या वडिलांनाही दिसत नव्हतं. तुम्ही पुढचं चालू द्या.”

पुढची रांग थिजली. एका म्हातारीनं तोंडावर हात नेला. वाध्यार चाळीस वर्षं हे काम करत आले होते, आणि मला वाटतं चाळीस वर्षांत त्यांना या प्रश्नाला पहिल्यांदाच खरं उत्तर मिळालं. त्यांनी घसा साफ केला, माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली, जणू यातही माझाच हात, आणि पुढचा मंत्र सुरू केला.

तेवढ्यात व्हिडिओवाला म्हणाला, सर, एक मिनिट, बोट वर केलेलं नीट आलं नाही, परत एकदा करा.

मी त्या माणसाचा खून केला असता. वाध्यारही म्हणाले, करा हो, अल्बमला लागतं. प्रवीणनं हात वर केला. आणि हरितानं तो मनगटाला धरून, सुजेवर न दाबता, खाली आणला. पूर्ण खाली. उत्तरेकडे, सैपाकघराच्या दारापाशी, जिथं पायसमची पातेली मांडली होती, तिथल्या फरशीकडे. कारण त्या वेळी अरुंधती तिथं असते. मीच तिला सांगितलं होतं कधीतरी, की वैकासीत सकाळी साडेदहाला ती डोक्यावर नसते, जमिनीखाली असते, बावीस-तेवीस अंश. त्यानं फरशीकडे बघितलं. दोघंही बघत राहिले. व्हिडिओवाला विचारत होता, सर, वर ना?

बोट जरा चुकलं होतं. थोडं पूर्वेला हवं होतं, दहाएक अंश. मी काही बोलले नाही.